शेडमध्ये घरटं झालंय? आता काय करायचं आणि काय टाळायचं

बागेतली अवजारांची खोली, गॅरेज, लाकडं ठेवायची शेड, जुना गोठा. अशा ठिकाणी एखाद्या जोडीने घरटं बांधायला घेतलं की घरच्यांना दोन प्रश्न पडतात. ही जागा आता वापरायची की नाही? आणि हे किती दिवस चालणार? जागा खुशाल वापरा. आणि चिमणी किंवा दयाळासारखा लहान पक्षी असेल तर महिना-दीड महिन्यात सगळं आटोपतं. भिंगरी थोडी जास्त लावते, घुबड बरंच जास्त.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की लक्षात घ्यायला हवी. पक्ष्याने ही जागा तुमची ये-जा बघून निवडलेली असते. दार कधी उघडतं, कोण आत येतं, किती वेळ थांबतं हे त्याने घरटं सुरू करण्याआधीच पारखलेलं असतं. चिमणी आणि भिंगरी तर माणसाच्या आसऱ्यानेच राहणाऱ्या. म्हणून पुढच्या काही आठवड्यांत तुमच्याकडून सगळ्यात मोलाची मदत म्हणजे तुमचं वागणं होतं तसंच ठेवणं. घरटं दिसल्यावर काही जण खोलीत जाणंच बंद करतात आणि दहा दिवसांनी एकदम दोन तास आवराआवर काढतात. काही जण दर तासाला डोकावतात. दोन्ही प्रकारांत पक्षी बिथरतो. रोज सकाळी झारी घ्यायला जात असाल तर रोज सकाळीच जा.

आधी कोणता टप्पा चाललाय ते ओळखा

यासाठी घरट्यात डोकवायची गरज नाही. दारापासून आठ-दहा मीटरवर, पक्ष्याला तुम्ही दिसाल पण अडचण होणार नाही अशा जागी अर्धा तास बसा. चोचीत काय येतं आणि काय जातं एवढं बघितलं तरी पुरतं.

काड्या, गवत, पिसं किंवा चिखल आत जात असेल तर बांधकाम चालू आहे. हा सगळ्यात नाजूक काळ. अजून पक्ष्याची गुंतवणूक थोडी असते, त्यामुळे जरा धास्ती वाटली तरी तो जागा सोडून दुसरीकडे जातो. एखादं मोठं काम आडवं येणार असेल, म्हणजे छप्पर बदलायचंय, रंग काढायचाय, तर याही आधी, पहिली काडी दिसायच्या आत ठरवायला हवं.

मग चार-पाच दिवस असे येतात की पक्षी फारसा दिसतच नाही. घरट्यात अंडी आहेत आणि जवळ कुणीच नाही, म्हणून लोक घरटं टाकलेलं समजतात. तसं नसतं. बहुतेक लहान पक्षी रोज एक अंडं घालतात, तेही सकाळी, आणि अंडी पुरी होत आली की मगच उबवायला बसतात. त्यामुळे पिल्लं साधारण एकाच वेळी बाहेर येतात. तोवर अंडी गार असली तरी ती जिवंत असतात. या काळात घरटं उचलून टाकणं म्हणजे भरलेलं घरटं टाकणं.

मादी आत गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही, असं दिसू लागलं की उबवणं सुरू झालं. त्यानंतर एके दिवशी दोघांच्या चोचीत अळ्या, नाकतोडे, माश्या दिसू लागतात. पिल्लं बाहेर आल्याची ही खूण. पिल्लं जरा वाढली की आणखी एक दृश्य दिसतं आणि ते बघण्यासारखं असतं. घास भरवल्यावर पालक क्षणभर थांबतो, पिल्लू वळून मागचा भाग वर करतं आणि पांढरी, ओलसर, पातळ आवरणातली पुडी टाकतं. पालक ती चोचीत अलगद धरून बाहेर उडतो आणि लांब नेऊन टाकतो. विष्ठेची ती पुडी. घरटं स्वच्छ राहतं आणि शिकाऱ्याला खालच्या घाणीवरून पत्ताही लागत नाही.

तारीख लिहून ठेवा आणि दिवस मोजा

दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा आणि दिसेल ते तारखेसह लिहा. त्यावरून पुढचा सगळा अंदाज निघतो. चिमणीची अंडी अकरा ते चौदा दिवसांत फुटतात आणि पिल्लं पुढे साधारण दोन आठवडे घरट्यात असतात. म्हणजे पहिलं अंडं १ तारखेला, शेवटचं ४ ला असेल तर १६-१७ ला पिल्लं, आणि महिनाअखेरीला घरटं रिकामं. भिंगरी पंधरा दिवस उबवते आणि पिल्लं तीन आठवडे सांभाळते. पारव्याची दोन अंडी अठरा दिवसांच्या आसपास फुटतात, पण पिल्लं महिनाभर जागचं हलत नाहीत. साळुंकी या दोहोंच्या मधे कुठेतरी.

यात एक मोठी सावधगिरी आहे. लहान पक्ष्यांची पिल्लं दहा-बारा दिवसांची झाली की घरट्याकडे जाणं पूर्ण थांबवा. या वयात त्यांना पिसं फुटलेली असतात, भीती कळायला लागलेली असते, पण पंखांत बळ नसतं. कुणी जवळ तोंड नेलं की ती धडाधड खाली उड्या टाकतात आणि परत घरट्यात ठेवली तरी बसत नाहीत. फोटोची हौस इथेच महागात पडते. फ्लॅश तर कोणत्याच टप्प्यावर नको.

येण्याजाण्याची वाट चोवीस तास मोकळी हवी

घरटं बिघडायचं सगळ्यात साधं कारण म्हणजे बंद दार. संध्याकाळी सवयीने कडी लावली, पालक बाहेर राहिले, आणि रात्रीच्या गारव्यात नुकती जन्मलेली, अंगावर पीस नसलेली पिल्लं गारठली. पहाटे पहिल्या उजेडालाच पक्षी चाऱ्याला निघतात, तेव्हा तुम्ही झोपलेले असता.

दार उघडं टाकणं जमत नसेल तर दाराच्या वर किंवा भिंतीच्या माथ्याशी कायमची फट ठेवा. भिंगरीसारख्या पक्ष्याला ५ सेंटिमीटर उंच आणि ७ सेंटिमीटर रुंद एवढी फट पुरते. ती जितकी उंचावर तितकी मांजराच्या आवाक्याबाहेर. पक्षी एखाद्या फुटक्या काचेतून किंवा पत्र्याच्या सांदीतून येत असतील तर तीच वाट तशीच राहू द्या, मध्येच दुरुस्तीला घेऊ नका. घरच्या सगळ्यांना आणि कामाला येणाऱ्यांनाही सांगून ठेवा. दारावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावलेली सगळ्यात उत्तम.

आत खिडकी असेल तर तिला आतून गोणपाट किंवा जुनं कापड लावा. काचेतून उजेड दिसतो, घाबरलेला पक्षी तिकडेच धाव घेतो आणि आपटतो. पक्षी आत अडकून घिरट्या घालू लागला तर त्याच्या मागे टॉवेल घेऊन धावू नका. दिवा बंद करा, बाकीच्या खिडक्या झाका, दार सताड उघडा आणि स्वतः बाहेर या. उजेड एकाच बाजूने आला की तो वाट शोधतो. आरसा असेल तर तोही झाका. दयाळासारखा हद्द राखणारा नर आरशातल्या स्वतःशी दिवस दिवस भांडत राहतो आणि पिल्लांकडे बघायला त्याला सवड होत नाही.

आत कसं वावरायचं

दार उघडण्याआधी दोन ठोके द्या किंवा खाकरा. मादी अंड्यांवर दबकून बसलेली असते. एकदम दार उघडलं की ती दचकून उडते आणि तिच्या पायांनी अंडं घरंगळू शकतं. आधी चाहूल लागली की ती एक तर शांत बसून राहते, नाहीतर सावकाश निघून जाते. घरट्याकडे टक लावून बघू नका. पक्ष्यांना रोखलेली नजर शिकाऱ्याची वाटते. नजर खाली ठेवून, हवी ती वस्तू घेऊन बाहेर पडा.

रोज लागणारं खुरपं, झारी, पाइप दाराजवळ आणून ठेवा, म्हणजे घरट्याखालून जावंच लागणार नाही. मोठ्या आवाजाची कामं, कटर, ड्रिल, हातोडा, बाहेर करा. थोडा वेळ आत काम असेल तर दहा-पंधरा मिनिटांत उरका. पालक चोचीत घास घेऊन तारेवर किंवा फांदीवर बसून कर्कश ओरडतोय आणि आत येत नाही, याचा अर्थ तो तुमच्या निघण्याची वाट बघतोय. अशा वेळी काम टाकून निघावं. काही दिवसांच्या पिल्लाला उजेड असेपर्यंत सारखा चारा लागतो.

घरटं नको तिथेच झालं, म्हणजे गवत कापायच्या मशीनमध्ये, सायकलच्या टोपलीत, टांगलेल्या हेल्मेटमध्ये, तर ती वस्तू तेवढे दिवस वापरातून काढा. हलवू नका. गाड्या आणि मशीन सुरू करण्याआधी बॉनेटखाली बघायची सवय विणीच्या दिवसांत लावून घ्यावी.

खोलीतले धोके एकदा नीट तपासा

हे काम घरटं बांधायच्या आधी झालं तर सोन्याहून पिवळं. घरटं झाल्यावर करायचं असेल तर एकाच खेपेत, पालक बाहेर असताना करा.

उघडी बादली आणि पिंप ही पहिली गोष्ट. पहिल्या उड्डाणात पिल्लू जे पडतं ते नेमकं त्यात. झाकण घाला किंवा पालथी ठेवा. उंदरांसाठी लावलेले चिकट गोंदाचे पुठ्ठे ताबडतोब काढा. त्यात अडकलेला पक्षी सोडवताना त्याची पिसं आणि कातडी निघते. उंदराचं विषही नको, विशेषतः घुबड असेल तर. विष खाल्लेला, झिंगलेला उंदीर घुबडाला सहज सापडतो आणि विष घुबडाच्या पोटात जातं.

सुतळीची टोकं, नायलॉनचा दोरा, फळझाडांवर टाकायची जाळी, केसांचे गुंते. हे सगळं पक्षी मऊ साहित्य समजून घरट्यात नेतात. पिल्लाच्या पायाला नायलॉनचा फास बसला की पाय वाढतो आणि दोरा कापत जातो. सगळं गुंडाळून डब्यात बंद करा. मऊ साहित्य द्यायचंच असेल तर सुकं गवत, नारळाच्या काथ्याचे आखूड तुकडे बागेत मोकळे ठेवा.

रंग, थिनर, वॉर्निश, कीटकनाशक यांची झाकणं घट्ट लावा आणि या काळात आत फवारणी करू नका. पक्ष्यांची फुप्फुसं वाफांना आपल्यापेक्षा फार लवकर बळी पडतात. पंखा असेल तर त्याची तार सॉकेटमधून काढूनच ठेवा.

आणि पत्रा. पत्र्याच्या छपराला लागून घरटं असेल तर कडक उन्हात पिल्लं अक्षरशः भाजतात. चोच उघडी टाकून धापा टाकताना दिसली, घरट्याच्या काठावर येऊन लोंबकळू लागली, तर उष्णता असह्य झाली आहे. पत्र्यावर बाहेरून ओलं गोणपाट टाका किंवा वर कापड ताणून सावली करा. घरटं खाली सरकवण्याचा मोह टाळा.

विष्ठेची काळजी, खालच्या वस्तूंची आणि आपलीही

सुरुवातीला पालक पुड्या उचलून नेतात. शेवटच्या आठवड्यात मात्र पिल्लं काठावर येऊन बाहेर सोडतात आणि खाली पांढरे ढीग होतात. यासाठी घरटं पाडायची काही गरज नाही. खालच्या वस्तूंवर जुनी चादर किंवा वर्तमानपत्रं टाका. भिंतीला फळी ठोकायची असेल तर ती घरट्यापासून बरीच खाली असू द्या. अगदी घरट्याखाली ठोकली तर मांजराला आणि कावळ्याला बसायला आयतं आसन मिळतं.

सुकलेली विष्ठा झाडूने झाडू नका. पारव्यांची विष्ठा जास्त साठते, आणि तिच्या धुळीतून श्वसनाचे आजार होऊ शकतात. आधी पाणी शिंपडून ओली करा, मग खरवडून पिशवीत भरा. हातमोजे आणि एन-९५ मास्क घाला. घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्याने हे काम करूच नये.

मांजर, कावळा, साप

आपलं मांजर असेल तर निदान पिल्लं बाहेर पडण्याच्या आठवड्यात पहाटे आणि संध्याकाळी घरात ठेवा. घरट्याजवळ पोचवणारी शिडी, रचलेली खोकी, टेकवलेली फावडी बाजूला करा. उंदीर आणि साप खांबावरून चढतात, म्हणून खांबाला गुळगुळीत पत्र्याचं वेटोळं लावलं तर उपयोग होतो. तरी काही घरटी जातातच. सापाने अंडी खाल्ली म्हणून सापाच्या मागे लागू नये. जोडी बहुतेक वेळा पुन्हा अंडी घालते.

खायला घालायचं का?

नाही. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना अळ्या-किडे भरवते, कारण वाढीला प्रथिनं लागतात. दूध, ब्रेड, भात यांनी पिल्लांचं पोट बिघडतं. तुम्ही द्यायची गोष्ट म्हणजे फवारणी न केलेली बाग आणि उथळ ताटलीत रोज बदललेलं पाणी. कोरडा हंगाम असेल आणि भिंगरी बांधकाम करत असेल तर बागेत एका कोपऱ्यात चिखल ओला ठेवा. एका घरट्याला तिला हजाराच्या आसपास चोचभर गोळे आणावे लागतात, आणि चिखल लांब असला की बांधकाम रखडतं.

पिल्लू खाली पडलं तर

इथे घाई सगळ्यात जास्त नुकसान करते, म्हणून आधी दोन मिनिटं बघा. अंगावर पिसं आहेत, शेपूट आखूड आहे, तुरुतुरु पळतंय, फांदी पकडतंय? मग ते पडलेलं नाही, निघालेलं आहे. घरटं सोडल्यावर काही दिवस पिल्लं जमिनीवर आणि झुडपांत असतात आणि पालक तिथेच भरवतात. मांजर जवळ असेल तर उचलून दाट झुडपात ठेवा, एवढंच. बाकी घरी आणून खोक्यात ठेवणं म्हणजे पालकांपासून तोडणं.

अंग उघडं आहे, डोळे मिटलेले आहेत किंवा पिसांच्या नळ्याच दिसतायत, तर ते खरंच पडलंय. गार लागत असेल तर आधी तळहातांच्या ओंजळीत दहा-पंधरा मिनिटं ऊब द्या, मग घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की पालक पिल्लाला टाकतात हा समज चुकीचा आहे. आवाजावरून आणि उघड्या चोचीवरून ते पिल्लाला घास देतात, वासावरून त्याला नाकारत नाहीत. पाणी चोचीत सोडू नका, ते श्वासनळीत जातं.

घरटंच कोसळलं असेल तर तळाला भोकं असलेली छोटी टोपली किंवा प्लास्टिकचा वाडगा घ्या, सुकं गवत आणि उरलेलं घरटं आत भरा, पिल्लं ठेवा आणि मूळ जागेच्या शक्य तितकं जवळ, त्याच उंचीवर घट्ट बांधा. लांब उभं राहून तासभर बघा. पालक ओरडतात, घिरट्या घालतात, आणि बहुतेक वेळा घास घेऊन येतात. दोन तास कुणीच आलं नाही, पिल्लू जखमी आहे किंवा मांजराच्या तोंडून सुटलेलं आहे, तर पक्ष्यांवर उपचार करणाऱ्याकडे न्या. मांजराच्या दातांची जखम दिसायला टाचणीएवढी असली तरी तिला औषध लागतंच.

गव्हाणी घुबड असेल तर वेगळा हिशेब

गव्हाणी घुबडाची मादी पहिल्या अंड्यापासूनच बसते, त्यामुळे पिल्लं लहान-मोठी असतात. उबवायला महिना आणि पिल्लं वाढायला दोन महिने, म्हणजे तीन महिने धरून चाला. रात्रभर फुत्कार आणि घोरल्यासारखे आवाज येतात. ती पिल्लांची भुकेची हाक. खाली राखाडी-काळ्या गुठळ्या पडतात, त्यात उंदरांची हाडं आणि केस असतात, ती विष्ठा नव्हे. एक कुटुंब उंदरांचा जो फडशा पाडतं तो बघितला की तीन महिने खोली सोडून दिल्याचं काही वाटत नाही. इथे शक्यतो आत जाऊच नका, आणि वर चढून तर अजिबात नाही. पिल्लं असताना काही घुबडं अंगावर येतात.

कायदा

चालू घरटं हलवणं, अंडी काढणं हा बऱ्याच देशांत गुन्हा आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं हे शिकारीतच धरलं आहे. ब्रिटनमध्ये १९८१ चा, अमेरिकेत १९१८ चा कायदा आहे. अपवाद ठिकठिकाणी वेगळे, त्यामुळे घरट्यामुळे खरोखर धोका असेल, उदाहरणार्थ विजेच्या बोर्डात गवत भरलं असेल, तर स्वतः हात न घालता आधी वन खात्याला विचारा.

पिल्लं उडाल्यावर

लगेच साफसफाईला लागू नका. बरीच जोडपी त्याच जागी दुसरी वीण काढतात, कधी पहिली पिल्लं उडून आठवडा होतो न होतो तोच. निदान तीन आठवडे कुणी फिरकलं नाही, घरटं रिकामं आहे, हे नक्की झालं की चिमणीचं, साळुंकीचं गवताचं घरटं काढून टाका. त्यात माइट, म्हणजे ठिपक्याएवढे रक्तपिपासू किडे राहतात. ते उपाशीपोटी कित्येक महिने तग धरतात आणि पुढच्या पिल्लांना शोषतात. जागेवर उकळतं पाणी ओता, वाळू द्या. कीटकनाशक नको. पक्षी गेल्यावर हेच किडे कधी कधी माणसाच्या अंगावर चढतात आणि खाज सुटते, पण माणसाच्या रक्तावर ते टिकत नाहीत.

भिंगरीचं मातीचं घरटं मात्र ठेवा. पुढच्या वर्षी तीच किंवा दुसरी जोडी थोडी डागडुजी करून वापरते आणि त्यांचे कित्येक दिवस वाचतात.

पुढच्या खेपेला या खोलीत घरटं नकोच असेल तर तेही याच रिकाम्या काळात उरकायचं. आत कुणी मुक्कामाला नाही हे सलग दोन-तीन संध्याकाळी बघा, मग फटी बुजवा, जाळी ताणून बसवा, सैल लोंबकळू देऊ नका. आणि बाहेरच्या भिंतीला, दुपारचं ऊन लागणार नाही अशा बाजूला, छपराखाली एक लाकडी पेटी लावा. चिमणीसाठी भोक ३२ मिलिमीटरचं, भोकाखाली बसायची दांडी नको, तळाला पाणी निथळायला चार बारीक छिद्रं. विणीच्या हंगामाआधी दोन-तीन महिने लावली तर पक्ष्यांना ती पारखायला वेळ मिळतो. पहिल्या वर्षी रिकामी राहिली तरी जागा बदलू नका.